कुठल्या भाषेत बांधायचं संकेतस्थळ?

परवा आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची सभा झाली. विषयपत्रिकेवर सहा विषय. पहिल्या पाच विषयांवर (गळकं छप्पर, दिवाळी अंकांची योजना, कपाटांना लागलेली वाळवी, थकलेली वर्गणी आणि चहाचं बिल) आम्ही सगळे म्हातारे नेहमीप्रमाणे तावातावाने भांडलो. छपरावर पत्रा किती जाडीचा घ्यायचा यावरच पाऊण तास गेला. मग सहावा विषय आला, 'वाचनालयाचे नवीन संकेतस्थळ', आणि सभेत एकदम शांतता.

या कामासाठी एक तरुण मुलगा आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे, बोलायला नम्र आहे आणि एक पैसा न घेता काम करायला तयार आहे. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, हे आधीच सांगून टाकतो. त्याने लॅपटॉप उघडून समजावलं की पुढची बाजू रिॲक्टमध्ये करू, मागे नोड ठेवू, पुस्तकांच्या नोंदी मोंगोडीबीत टाकू. मी विचारलं, "पीएचपी का नको?" तो हसून म्हणाला, "सर, ते आता कोण वापरतं!" आमच्या अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "भाषा कुठली घ्यायची ते तूच ठरव रे बाबा. आम्हाला त्यातलं काय कळतंय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. हा सगळा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे.

आता बघा, पत्रा कसा तयार करतात हे तरी आमच्यापैकी कुणाला ठाऊक आहे? तरी आम्ही पाऊण तास भांडलो, कारण छप्पर गळलं तर पाणी आमच्या डोक्यावर पडणार आहे, पत्रेवाल्याच्या नाही. संकेतस्थळाचं तेच आहे. ते बांधणारा दोन वर्षांनी पुण्याला किंवा अमेरिकेला असेल. राहणार आम्ही, आमच्या दोन कर्मचारी बाई आणि चौदा हजार पुस्तकं. मग भाषा कुणी ठरवायची?

हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही. आम्ही एकदा पोळलो आहोत.

२०१५ साली असाच एक गुणी मुलगा आला होता. त्यानेही फुकट काम केलं. त्या वर्षी जे सगळ्यात नवं आणि गाजणारं होतं त्यातच त्याने आमचं संकेतस्थळ बांधलं. दिसायला सुंदर होतं, चित्रं सरकायची. आमच्या दोघी बाई देवघेवीचं काम सांभाळून दीड वर्ष रोज संध्याकाळी दाखल नोंदवहीतून एकेक पुस्तक त्यात चढवत होत्या. दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत. अकरा हजार पुस्तकं झाली. मग मुलाला नोकरी लागली, तो परगावी गेला, तिथून परदेशी गेला. संकेतस्थळ परदेशातल्या कुठल्याशा भाड्याच्या सर्व्हरवर होतं. ते खातं त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर उघडलेलं, पैसे त्याच्याच कार्डावरून जाणारे. कार्डाची मुदत संपली, ईमेल बंद पडलं, इशारे कुणालाच मिळाले नाहीत. एके दिवशी संकेतस्थळ उघडेना. दोन-तीन जाणकारांना दाखवलं. त्याने एक जुनी प्रत पाठवली होती, ती पाहून त्यांनी सांगितलं की हे ज्या आवृत्तीवर बांधलंय ती आता चालत नाही, नव्याने करावं लागेल. आणि नोंदी? नोंदी त्या प्रतीत नव्हत्याच.

सुरुवातीच्या चार हजार पुस्तकांची एक छापील यादी निघाली, कुणीतरी वार्षिक अहवालासाठी काढून ठेवलेली. उरलेली सात हजार पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागली. दोघींपैकी एक बाई तेव्हा मला म्हणाल्या, "सर, आमची वही कधी बंद पडली नव्हती हो." मी काय उत्तर देणार? मान खाली घातली.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याने वाईट हेतूने काही केलं नाही. दोष आमचा. 'तूच ठरव' हे वाक्य तेव्हाही आम्हीच म्हटलं होतं.

आता मूळ मुद्दा. वाचनालय, शाळा, पतसंस्था, देवस्थान, निसर्गमंडळ अशा छोट्या सार्वजनिक संस्थांनी संकेतस्थळाची भाषा निवडताना 'सगळ्यात नवं काय' आणि 'सगळ्यात ताकदवान काय' हे प्रश्न विचारायचेच नाहीत. विचारायचं ते एवढंच: हा मुलगा गेल्यावर हे कोण वाचू शकेल? शाळेत जनरल रजिस्टर असतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलाचा दाखला काढायला कुणी आलं तर आजचा कारकून ते रजिस्टर उघडतो आणि वाचतो. कारण ते लिहिणाऱ्याने स्वतःची हौस भागवायला लिहिलेलं नसतं, पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहिलेलं असतं. मुख्याध्यापक बदलतो तेव्हा चार्ज देतो, यादीवर सह्या होतात. संकेतस्थळाचा चार्ज कुणी कुणाला दिलेला तुम्ही पाहिलाय का?

आता पायरीपायरीने बघू.

पहिली पायरी, प्रोग्रामिंगची भाषा लागते तरी का? वाचनालयाच्या संकेतस्थळावर लोक काय बघतात? वेळ, पत्ता, वर्गणी, नवी पुस्तकं, व्याख्यानमालेची तारीख. यासाठी एचटीएमएल पुरते. ही खरं तर प्रोग्रामिंगची भाषाच नाही, खुणांची भाषा आहे. मुद्रितशोधक समासात खुणा करतो ना, की इथे परिच्छेद करा, हे ठळक करा, तसलाच प्रकार. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत केलेलं जगातलं पहिलं संकेतस्थळ १९९१ साली जगासमोर आलं. सर्नने २०१३ साली ते मूळ पत्त्यावर पुन्हा लावलं. तुमच्या मोबाइलवर आज ते उघडून बघा. उघडतं! तीस वर्षांहून जुना मजकूर, कुठलीही दुरुस्ती न करता. या धंद्यात याहून टिकाऊ काही असेल तर मला दाखवा.

"पण सर, पुस्तकांचा शोध?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. चला, गणित करू. चौदा हजार पुस्तकं, प्रत्येकाच्या नोंदीला समजा ऐंशी अक्षरचिन्हं. देवनागरीचं एक चिन्ह आजच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतं. म्हणजे सुमारे साडेतेहतीस लाख बाइट. मोबाइलवर काढलेल्या एका फोटोएवढा ऐवज झाला! अक्षरवार तीस-चाळीस पानं केली तर प्रत्येक पान चुटकीसरशी उघडेल. ब्राउझरमध्येच शोधण्याची सोय असते. तीही नको असेल तर जावास्क्रिप्टच्या शेदोनशे ओळींत शोधखिडकी होते. एवढ्या कामाला नोड, मोंगोडीबी आणि परदेशी भाड्याचा सर्व्हर म्हणजे दळण आणायला मालगाडी मागवण्यासारखं आहे.

दुसरी पायरी. समजा प्रोग्रामिंग खरोखरच लागणार आहे. सभासदांना घरबसल्या पुस्तक राखून ठेवायचंय, वर्गणी भरायचीय, बाईंना फाइल हाताळण्याऐवजी साध्या रकान्यांत नोंद करायचीय. ही गरज खरी आहे. मग कुठली भाषा?

इथे तरुण मंडळी धर्मयुद्धावर उतरतात. पीएचपी म्हटलं की नाक मुरडतात. मी त्यांना एवढंच सांगतो की ज्या विकिपीडियावरून तुम्ही प्रकल्पाची प्रस्तावना उतरवता तो मीडियाविकीवर चालतो आणि मीडियाविकी पीएचपीत आहे. वर्डप्रेस २००३ पासून पीएचपीत आहे. आणि गंमत म्हणजे तुमचं रिॲक्ट २०१३ साली ज्या फेसबुकने बाहेर आणलं, ते फेसबुकही २००४ साली पीएचपीतच सुरू झालं होतं. रासमुस लेरडॉर्फ या गृहस्थाने १९९५ साली ही भाषा प्रसिद्ध केली तेव्हा तिचं नावच 'वैयक्तिक मुखपृष्ठाची हत्यारं' अशा अर्थाचं होतं. घरगुती कामासाठी निघालेली, थोडी वेडीवाकडी वाढलेली भाषा आहे, मान्य. पण स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवर ती आधीपासून बसवलेली असते आणि तालुक्याच्या गावातही ती येणारा माणूस सापडतो. आमच्यासारख्यांना हा गुण बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा आहे.

याचा अर्थ पीएचपी अजरामर आहे असा नाही. डेटाबेसशी बोलायची तिची एक जुनी पद्धत होती, हजारो संकेतस्थळांत वापरलेली. २०१५ साली सातवी आवृत्ती आली आणि ती पद्धत काढून टाकली. ज्यांनी वेळेवर बदल केला नाही त्यांची संकेतस्थळं अडली. पायथनसारख्या सज्जन भाषेचंही तेच. २००८ साली तिसरी आवृत्ती आली, ती दुसरीशी जुळत नव्हती, आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. फ्रेमवर्कांचं तर विचारूच नका. गुगलने अँग्युलरजेएस आणलं, त्याचीच पुढची आवृत्ती २०१६ साली अशी काढली की जुनं काम तसंच्या तसं तीत चालेना, आणि २०२१ संपताना जुन्याचा आधार काढून घेतला. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश बंद केलं आणि ज्यांचं अख्खं संकेतस्थळ फ्लॅशमध्ये होतं त्यांच्या दारावर पाटीही उरली नाही.

आणखी एक. नव्या पद्धतीत प्रत्येक बारीकसारीक कामासाठी दुसऱ्याने लिहिलेला तुकडा आणून जोडायची सवय असते. २०१६ च्या मार्च महिन्यात अशाच एका लेखकाने आपला तुकडा सामायिक भांडारातून काढून घेतला. तुकडा केवढा? अकरा ओळींचा! शब्दाच्या डाव्या बाजूला जागा सोडण्याचं काम करणारा. त्यावर जगभरातले हजारो प्रकल्प टेकलेले होते, ते काही तास ठप्प झाले. मोठमोठ्या कंपन्यांच्या माणसांनी धावपळ करून निस्तरलं. आमच्याकडे धावपळ कोण करणार? आम्हा सातांपैकी चौघांचे गुडघे बदललेले आहेत.

मग टिकतं काय? मजकूर टिकतो, जर तो भाषेच्या तावडीत सापडला नाही तर. विकिपीडियाचंच बघा. २००१ साली तो पर्ल भाषेतल्या एका प्रणालीवर सुरू झाला, २००२ मध्ये पीएचपीवर गेला. खालची भाषा बदलली, लेख राहिले. म्हणून माझा आग्रह असा की भाषा कुठलीही घ्या, पण महिन्यातून एकदा सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, ओळीला एक पुस्तक अशा, बाहेर निघाल्या पाहिजेत आणि ती फाइल बाईंच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर असली पाहिजे. बाकी सगळं पुन्हा बांधता येतं. ती सात हजार पुस्तकं पुन्हा चढवून घ्यायला मात्र मी बाईंसमोर जाणार नाही.

वाचनालयांपुरतं बोलायचं तर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ वाचनालयाचं उदाहरण आहे. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताना कोलमडणार होती. त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून नवी करून घेतली आणि ती जगाला मोफत देऊन टाकली. नाव 'कोहा', माओरी भाषेत भेट. ही प्रणाली पर्लमध्ये लिहिलेली आहे. पर्ल आज कुठल्याही फॅशनमध्ये नाही. तरी कोहा जिवंत आहे, भारतातली कितीतरी ग्रंथालयं ती वापरतात. का? कारण ती उघडी आहे, तिची कागदपत्रं आहेत आणि ती सांभाळणारी माणसं एका गावात, एका मुलाच्या लॅपटॉपवर अडकलेली नाहीत. भाषेपेक्षा भाषेभोवतीचा शेजार महत्त्वाचा असतो. घर घेताना आपण हेच बघतो की नाही?

तिसरी पायरी ही खास आपली. भाषा निवडताना ती आपल्या भाषेशी कशी वागते हे कुणी तपासतच नाही! मुलाला मी 'मराठी' हा शब्द देऊन विचारलं, यात अक्षरं किती? तो म्हणाला, तीन. मी म्हटलं, आता तुझ्या भाषेला विचार. त्याने जावास्क्रिप्टला विचारलं, उत्तर आलं पाच. पीएचपीच्या साध्या मोजणीला विचारलं तर ती सांगते पंधरा! कारण पीएचपी बाइट मोजते आणि जावास्क्रिप्ट काना-वेलांटी वेगळी मोजते. (बरोबर उत्तर काढायची सोय पीएचपीत जोडून घेता येते, जावास्क्रिप्टमध्येही आता आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते. एलिक्सर नावाची एक भाषा आहे, ती आपण होऊन तीन सांगते. पण ती येणारा आमच्या गावात कुठून आणू?)

"त्याने काय फरक पडतो?" अध्यक्षांनी विचारलं. फरक असा पडतो. मुखपृष्ठावर जागा कमी म्हणून पुस्तकाचं नाव चार चिन्हांवर कापा असं सांगितलं की 'मराठी'चं 'मराठ' होतं. बाइटवर कापलं तर शेवटी चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं. यादी अकारविल्हे लावायला सांगितली की संगणक युनिकोडच्या क्रमांकाप्रमाणे लावतो. तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर बसवलेला आहे, म्हणून 'काळ' हा 'कावळा'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. आणि ॲ हे अक्षर युनिकोडात २००८ साली मागाहून आलं, त्याला जागा मिळाली पार शेवटी. म्हणजे 'ॲ'पासून सुरू होणारी सगळी पुस्तकं 'ह'च्या पुस्तकांनंतर! वाचक 'अ'च्या पानावर शोधून शोधून परत जाणार आणि म्हणणार, वाचनालयात पुस्तक नाही.

सगळ्यात वाईट शोधाचं. 'कादंबऱ्या' यातला र्‍य दोन प्रकारे टंकता येतो. एक, र, त्याचा पाय मोडायचा, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. दुसरा, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, मग य. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. बाईंनी एका प्रकारे नोंदवलं आणि वाचकाने दुसऱ्या प्रकारे शोधलं की उत्तर शून्य. हे कुठलीही भाषा आपोआप करत नाही, कुणीतरी मराठी जाणणाऱ्याने बसून सांगावं लागतं. आणि हे सांगायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही, बाराखडी यावी लागते!

डेटाबेसचीही एक मजा सांगतो. मायएसक्यूएल मूळचा स्वीडनचा. २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत, तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर तो अक्षरसंच लॅटिन धरायचा आणि अनुक्रम चक्क स्वीडिश! आपल्याकडच्या कितीतरी संकेतस्थळांवर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसायची ती यामुळे. कुणी दुष्टावा केला नव्हता. बांधणाऱ्याने त्याच्या घरची सोय पाहिली आणि आपण आपली सांगितली नाही.

आता माझ्यावर घेतले जाणारे आक्षेप. ते सभेतच घेतले गेले, त्यामुळे कल्पनेतून आणावे लागत नाहीत.

एक, "सर, तुम्ही बीए मराठी. तुम्हाला हे कळणार कसं?" सगळं कळत नाही, कबूल. पण मी भाषेचं व्याकरण ठरवायला बसलो नाही, ती कुणाच्या उपयोगाची हे ठरवायला बसलो आहे. शाई कशी बनते हे ठाऊक नसलेल्या माणसालाही पाण्याने पुसली जाणारी शाई दाखल नोंदवहीला चालत नाही हे कळतं.

दोन, "नवीन पिढीला जुन्या चौकटीत कोंबू नका." हा आक्षेप मला लागला, कारण आयुष्यभर मी मुलांना उलट सांगत आलो. या मुलाला पुढे मुलाखती द्यायच्या आहेत, तिथे रिॲक्ट विचारतील, जनरल रजिस्टर विचारणार नाहीत. त्याची ओढ खोटी नाही. पण शाळेत पाटी वेगळी आणि रजिस्टर वेगळं असतं. पाटीवर हवं ते काढावं, पुसावं, पुन्हा काढावं, त्याशिवाय शिकणार कसं? रजिस्टरवर मात्र गिरवायचं नसतं. त्याने स्वतःसाठी हवं ते नवं करावं, मी कौतुकाने बघीन, समजलं नाही तरी. फक्त बाईंच्या दीड वर्षाच्या संध्याकाळी त्याच्या पाटीवर ठेवू नये.

तीन, "साधं केलं तर ते गावंढळ दिसेल." साधी पानंही नेटकी दिसू शकतात, ते काम वेगळ्या कलेचं आहे आणि प्रोग्रामिंगच्या भाषेशी त्याचा फारसा संबंध नाही. शिवाय आमचा निम्मा वाचकवर्ग जुन्या मोबाइलवर, एसटीत बसून, कमी रेंजमध्ये बघतो. त्याला सरकणारी चित्रं नको असतात, वाचनालय आज उघडं आहे का हे हवं असतं.

आणि मोठ्या कामांना नव्या भाषा लागतच असतील. रेल्वेचं आरक्षण, बँकांचे व्यवहार, लाखो माणसं एकाच वेळी येतात अशा जागा, तिथे पगारी माणसांच्या फौजा असतात आणि त्यांनी काय वापरावं हे मी सांगणार नाही. माझं भांडण आहे ते त्यांचा अंगरखा आम्हाला घालण्याशी.

सभेत शेवटी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला गेला. (चहा गार होत होता हेही एक कारण.) तोपर्यंत मी ठराव लिहून ठेवला आहे. भाषा सभासदमंडळाने ठरवावी, करणाऱ्याने सुचवावी. जेवढं साध्या पानांत भागतं तेवढं साध्या पानांतच करावं. त्यापुढे लागलं तर अशी भाषा घ्यावी जी येणारे निदान तीन जण तालुक्यात दाखवता येतील. डोमेन, होस्टिंग आणि ईमेल वाचनालयाच्या नावावर, पासवर्ड सीलबंद पाकिटात कपाटात. नोंदींची साधी फाइल दरमहा. ळ, ॲ आणि र्‍य यांची परीक्षा दोघी बाई घेतील आणि त्यांनी पास केल्याशिवाय संकेतस्थळ सुरू होणार नाही. आणि काम संपल्यावर रीतसर चार्ज, सह्यांसकट.

सभा संपल्यावर मुलगा माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत आला. रागावला असेल असं वाटलं होतं. पण त्याने विचारलं, "सर, तो र्‍य दोन प्रकारे येतो, ते पुन्हा एकदा दाखवाल?" त्याच्या मोबाइलवर आम्ही रस्त्यातच उभे राहून टंकून बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे शोधण्याआधी दोन्ही एकसारखे करून घ्यावे लागतील. हे मला कॉलेजात कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, तुलाही आम्ही २०१५ साली काय झालं ते आजवर सांगितलं नव्हतं.

पुढच्या सभेत ठराव पास होईल की नाही ठाऊक नाही. अध्यक्ष अजून 'तूच ठरव'वरच आहेत. तुमच्या गावातही एखादं वाचनालय असेल, शाळा असेल, आणि तिथेही कुणीतरी चष्मा पुसत हेच वाक्य म्हणत असेल. तेव्हा सभेत एकाने तरी मान हलवू नये, एवढंच सांगायचं होतं. असो.